गाडीचे ब्रेक पॅड बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

‘ब्रेक तर झकास लागतायत, मग पॅड कशाला बदलायचे?’ गॅरेजमध्ये हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणाऱ्याला पायाखाली खरंच काही फरक जाणवलेला नसतो. डिस्क ब्रेकची मेख इथेच आहे. पॅड कोरे करकरीत असोत की झिजून दोन मिलिमीटरवर आलेले, पेडल जवळपास तेवढंच खाली जातं आणि रोजच्या वेगात गाडी जवळपास तशीच थांबते.

पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या पकडीतला, पिस्टन पुढे येतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमटीत धरतात. पाय उचलला की पिस्टनभोवतीचं रबरी सील त्याला केसभर मागे ओढून घेतं. पॅड झिजतो तसतसा पिस्टन सीलमधून थोडा थोडा पुढे सरकतो आणि मागे येताना जुन्या जागेपर्यंत न जाता अलीकडेच थांबतो. त्यामुळे पॅड आणि डिस्क यांच्यातली फट कायम तेवढीच राहते. झीज यंत्रणेने परस्पर भरून काढलेली असते, पायाला पत्ताच लागत नाही. म्हणून पॅडच्या बाबतीत पायाचं ऐकू नये, कानाचं थोडंफार ऐकावं आणि निर्णय मात्र डोळ्यांनी बघून, मोजूनच घ्यावा.

किलोमीटरवरून फक्त अंदाज येतो

पॅडचा एक सेट किती चालतो? ३०,००० किलोमीटर हे उत्तर बरोबर असू शकतं आणि ७०,००० हेही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही सहज दुपटीचा फरक पडतो, कारण पॅड किलोमीटरने झिजत नाहीत, ब्रेक मारण्याने झिजतात. गाडी थांबवताना तिची सगळी गतिज ऊर्जा घर्षणातून उष्णता होऊन जाते, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला ताशी ५० वरून थांबण्याच्या चौपट ऊर्जा जिरवावी लागते. समोरचा सिग्नल लाल दिसत असूनही शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून ठेवणारा आणि मग कचकन ब्रेक मारणारा चालक पॅड अक्षरशः खातो. तेच लांबूनच पाय उचलून गिअरमध्ये गाडीचा वेग उतरू देणाऱ्याचे पॅड कितीतरी जास्त टिकतात.

सतत रेंगाळणारी वाहतूक, भरपूर सामान आणि माणसं, लांब उतारावर खालचा गिअर न घालता ब्रेकवर पाय ठेवून उतरण्याची सवय, या सगळ्याने आयुष्य घटतं. ऑटोमॅटिक गाड्यांचे पॅड बऱ्याचदा लवकर जातात, कारण गर्दीत गाडी आपसूक पुढे सरकत असते आणि तिला अडवायचं काम ब्रेककडेच येतं. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांत नेमकं उलटं होतं: वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, पॅड वर्षानुवर्षं टिकतात. त्यांचा त्रास वेगळा, तो पुढे येईलच.

पुढचे पॅड सहसा आधी संपतात. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचं मोठं काम पुढच्या चाकांवर पडतं. पण हाही नियम पक्का धरू नका. आता बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मागच्या ब्रेककडूनही भरपूर काम करून घेते आणि मागचेच पॅड आधी संपलेले निघतात. तेव्हा चारही चाकं तपासायची.

किलोमीटरचा उपयोग एवढाच, की केव्हा बघायचं ते त्यावरून ठरवता येतं. दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. टायर आलटून पालटून बसवताना चाकं निघतातच, त्याच वेळी हे काम उरकून घ्यावं.

नेमकं काय मोजायचं

मोजताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. पॅड म्हणजे एक जाड लोखंडी प्लेट आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. प्लेट साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाड असते. पुढच्या नव्या पॅडवर मसाला १० ते १२ मिलिमीटरच्या आसपास असतो, मागच्या पॅडवर बहुधा थोडा कमी. झिजतो तो मसाला. बाहेरून डोकावणारा माणूस प्लेट आणि मसाला मिळून ८ मिलिमीटरची जाडी बघतो आणि ‘अजून भरपूर आहे’ म्हणून निघून जातो. त्यातला मसाला असतो जेमतेम अडीच मिलिमीटर. म्हणून आधी दोन थरांमधली सीमारेषा शोधायची. प्लेटची कड गुळगुळीत आणि बहुधा रंगवलेली किंवा गंजलेली असते, मसाला काळपट-राखाडी आणि दाणेदार दिसतो.

आता आकडे. मसाला ६ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर विषय सोडून द्या. ४ ते ५ असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला नक्की बघायचं, आणि लांबचा प्रवास ठरला असेल तर निघण्याआधीच बघायचं. ३ मिलिमीटरवर बदलायचे. २ किंवा त्याखाली असेल तर गाडी गॅरेजपर्यंत सावकाश न्यायची, इतर कुठे नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच खरी. मात्र ती वाचताना एक बघा: काही कंपन्या ही मर्यादा प्लेटसकट देतात. ‘७ मिलिमीटर’ लिहिलेलं असेल आणि ते प्लेटसह असेल, तर मसाला दीड-दोनच उरतो.

मसाला शून्यावर येईपर्यंत का वापरू नये, हाही प्रश्न येतोच. मसाला डिस्कची उष्णता पिस्टनपर्यंत जाऊ देत नाही. तो पातळ झाला की उष्णता प्लेटमधून पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे जाते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि ओलावलेल्या ऑइलची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची आणखी कमी, कोरं २०५ आणि ओलावलेलं १४०. लांब उतारावर ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, ऑइल दाबलं जात नाही. पेडल मऊ होऊन खाली जातं आणि गाडी काही थांबत नाही. झिजलेले पॅड आणि वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल ही जोडी म्हणूनच धोक्याची. ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावं.

चाक न काढता पहिली नजर

अलॉय व्हील असेल तर आऱ्यांच्या मधून डिस्क आणि तिच्यावर बसलेला कॅलिपर दिसतो. गाडी बंद करून डिस्क थंड होऊ द्या. मोबाईलचा टॉर्च लावा आणि कॅलिपरच्या कडेला, डिस्कला टेकलेला बाहेरचा पॅड शोधा. दिसेल तो फक्त बाहेरचा, हे विसरू नका. बहुतेक गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो आणि कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. अशा रचनेत आतला पॅड बऱ्याचदा आधी संपतो. बाहेरचा ५ मिलिमीटर दिसतोय म्हणून समाधान मानलं आणि आतला लोखंडावर आलेला, असं सर्रास घडतं.

आतला बघायची एक सोपी युक्ती आहे. पुढच्या चाकासाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, टॉर्च सुरू ठेवून मोबाईल चाकाच्या मागे धरा आणि सावकाश फिरवत व्हिडिओ काढा. मग पडद्यावर मोठं करून बघा. दरवेळी नीट दिसेलच असं नाही, पण बऱ्याच गाड्यांत काम भागतं.

चाकांवरची काळी धूळही बघून घ्या. ती पॅडचीच झीज असते, त्यामुळे पुढची चाकं जास्त काळी असणं स्वाभाविक. मात्र एकाच एक्सलची (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीची) उजवी आणि डावी बाजू सारखी दिसायला हवी. एक चाक जोडीदारापेक्षा बरंच काळं असेल तर तिथला ब्रेक चिकटून राहत असावा. बरंच स्वच्छ असेल तर तिथला ब्रेक धड लागतच नसावा. ब्रेक फारसे न मारता थोडं अंतर गाडी चालवून आणा आणि चाकांच्या जवळ हात न्या, टेकवू नका. चिकटणाऱ्या ब्रेकचं चाक बाजूच्यापेक्षा सरळ सरळ तापलेलं जाणवतं, कधी करपल्यासारखा वासही येतो.

चाक काढून तपासणी

पुरती खात्री इथेच होते. पक्की, सपाट जागा हवी. उतारावर किंवा मऊ जमिनीवर हा उद्योग करू नये.

१. गाडी गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. जे चाक उचलायचं त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना ठोकळे लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो, म्हणून मागचं चाक उचलताना पुढच्या चाकांना ठोकळे लावायलाच हवेत.

२. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. चाक हवेत गेल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरू शकते.

३. पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावून उचला आणि लगेच जॅक स्टँडचा पक्का आधार द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, तोही एक आधार होतो.

४. कॅलिपरच्या पाठीवर बहुधा एक खिडकीसारखी फट असते. तिच्यातून डिस्क आणि दोन्ही पॅड वरून दिसतात. पट्टी किंवा व्हर्नियरने दोन्हींचा मसाला मोजा. प्रत्येक पॅड वरच्या आणि खालच्या टोकाला, असा दोनदा.

५. आकडे, तारीख आणि ओडोमीटर लिहून ठेवा. पुढचा हिशेब त्यावरच चालतो.

६. धूळ फुंकू नका, हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. आताच्या पॅडची धूळही छातीत जाणं बरं नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा.

७. चाक परत बसवताना नट एकाआड एक, समोरासमोर आवळत न्या आणि शेवटचा आवळ चाक जमिनीवर टेकल्यावर, शक्य असेल तर टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) द्या.

मोजमापं हातात आली की मसाला सरासरी किती वेगाने जातोय ते कळतं. समजा नवे पॅड १२ मिलिमीटरचे होते आणि २०,००० किलोमीटरनंतर सर्वांत झिजलेल्या पॅडवर ७ उरले. पाच मिलिमीटरला २०,००० म्हणजे मिलिमीटरमागे ४,०००. ३ पर्यंत यायला चार मिलिमीटर, म्हणजे अजून १६,००० किलोमीटर. पण झीज सरळ रेषेत होत नाही, पातळ पॅड जास्त तापतो, म्हणून १०-१२ हजारांवर पुन्हा बघायचं. हिशेब नेहमी सर्वांत पातळ पॅडचा धरायचा. सरासरी काढू नका, डिस्क आधी खरवडेल ती त्याच पॅडच्या बाजूने.

झीज सारखी नसेल तर

मोजताना आतला आणि बाहेरचा पॅड यांत थोडा फरक चालतो. तो २ मिलिमीटरच्या पुढे गेला, किंवा एकच पॅड वर जाड आणि खाली पातळ असा तिरका झिजला, तर नुसते नवे पॅड टाकून उपयोग नाही. कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्या किंवा गंजल्या असतील, पिस्टन अडकत असेल, किंवा पॅड आपल्या खाचेत घट्ट बसून हलत नसेल. पिना काढून, साफ करून, त्यांचंच खास ग्रीस लावायचं. साधं ग्रीस उष्णतेने पातळ होऊन वाहतं आणि त्यांच्या रबरी टोप्याही फुगवतं. हे कारण न शोधता पॅड बदलले तर नवा सेटही तसाच तिरका झिजणार.

इलेक्ट्रिक गाड्यांचा त्रास हाच. ब्रेक फारसा वापरला जात नाही, त्यामुळे मसाला शिल्लक असतानाच पिना धरतात आणि डिस्कवर गंज चढतो. त्यांच्या बाबतीत ‘पॅड अजून भरलेले आहेत’ एवढ्यावर थांबू नये, कॅलिपर मोकळा सरकतोय का हेही बघून घ्यावं.

आवाज

बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ लावलेली असते. मसाला साधारण २ ते ३ मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासते आणि बारीक, टोचणारी किंकाळी ऐकू येते. काही गाड्यांत हा आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, काहींत न दाबताच येतो आणि दाबल्यावर थांबतो. काच खाली करून, भिंतीच्या कडेने सावकाश जाताना तो चांगला ऐकू येतो, कारण भिंतीवरून परततो. अशी जीभ सगळ्या पॅडना नसते, आणि असली तरी बहुधा आतल्याच पॅडवर असते. बाहेरचा आधी झिजला तर ती गप्प राहते.

सगळाच चिरका आवाज झिजेचा नसतो. पावसात उभी राहिलेली किंवा नुकती धुतलेली गाडी सकाळी पहिल्यांदा थांबवताना करकरते, तो डिस्कवरचा रात्रीत चढलेला गंज. चार-पाच ब्रेकांत जातो. अति तापून पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तरी किंचाळतो. त्यावर पॉलिश पेपर मारून दिला की आवाज काही दिवस थांबतो, पण तापण्याचं कारण तसंच राहतं.

लोखंडावर लोखंड घासल्याचा जाडाभरडा खरखराट मात्र ओळखायला कुणाची गरज लागत नाही. मसाला संपला, प्लेट डिस्क खातेय. इथून पुढचा प्रत्येक किलोमीटर डिस्कच्या मुळावर येतो.

दिवा आणि ब्रेक ऑइलची पातळी

काही गाड्यांत पॅडमध्ये वायर पुरलेली असते. मसाला ठरावीक जाडीवर आला की ती घासून तुटते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. सोय चांगली आहे, पण अशी वायर बऱ्याचदा प्रत्येक एक्सलच्या एकाच चाकाला असते. तिकडचे पॅड ठीक आणि दुसरीकडचे संपलेले असू शकतात. एकदा तुटलेली वायर पॅडबरोबर बदलावी लागते, नाहीतर दिवा जात नाही.

लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असताना लागतो, तसा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. इथे एक घाई टाळा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात, त्यांच्या मागची वाढलेली जागा ऑइलने भरते आणि डब्यातली पातळी हळूहळू उतरते. पातळी उतरली म्हणून लगेच वरून ऑइल ओतलं, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबल्यावर तेच ऑइल डब्याबाहेर येतं आणि रंगावर पडलं तर रंग खातं. आधी पॅड मोजा. पॅड जाड आहेत आणि तरी पातळी उतरतेय, तर कुठेतरी गळती आहे. तशी गाडी चालवू नका.

पेडलला येणारी धडधड, गाडी एका बाजूला ओढणं, पेडल मऊ लागणं ही पॅड संपल्याची खूण सहसा नसते. धडधड बहुधा डिस्कच्या असमान जाडीमुळे येते, ओढ अडकलेल्या कॅलिपरमुळे किंवा पॅडला तेल लागल्यामुळे, मऊपणा हवा किंवा जुन्या ऑइलमुळे. तिन्हींसाठी गॅरेज गाठावंच.

मागे ड्रम ब्रेक असतील तर त्यांचे लायनर, म्हणजे पॅडसारखेच झिजणारे थर, बाहेरून दिसत नाहीत. काही गाड्यांत मागच्या पत्र्यावर रबरी बूच काढून डोकावता येतं, एरवी ड्रमच काढावा लागतो. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागत असेल तर तिथे बघायची वेळ झाली.

बदलायचं ठरल्यावर

पॅड एका एक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. एका बाजूला नवे, दुसऱ्या बाजूला जुने ठेवले तर जोरात ब्रेक मारताना गाडी ओढते. गॅरेजमध्ये ‘पॅड गेलेत’ एवढं उत्तर घेऊ नका. किती मिलिमीटर उरलेत ते विचारा आणि काढलेले पॅड दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक न विचारताच दाखवतो.

त्याच वेळी डिस्कही बघून घ्या. किमान जाडीचा आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. त्याखाली गेली असेल तर डिस्कही नवी. कडेला उंच ओठ आला असेल, नख अडकेल एवढ्या खाचा असतील, निळे डाग किंवा भेगा असतील तर मेकॅनिकशी बोलून ठरवा. भेग दिसली तर ठरवण्यासारखं काही उरत नाही, डिस्क बदलायचीच.

मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेक असेल तर पिस्टन अनेक गाड्यांत फिरवत फिरवत आत घालावा लागतो. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो, नाहीतर मोटर मोडू शकते. हे काम सवय नसेल तर घरी करू नये.

पॅड बसल्यावर गाडी जागची हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबून कडक करून घ्या. पिस्टन मागे दाबलेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाशी जातं. हे लक्षात न घेता गाडी बाहेर काढली तर समोरच्या भिंतीशी गाठ पडते. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने, मध्ये डिस्क गार व्हायला वेळ देत, आठ-दहा वेळा वेग उतरवा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहू नका, डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. पुढचे २००-३०० किलोमीटर कचकन ब्रेक मारणं शक्यतो टाळा, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर चाकांचे नट एकदा पुन्हा आवळून बघा.